मदत हवी आहे: छत्री परत ठेवली तरी स्टँडला कळत नाही

रिमझिम_प्रकल्प:
आपोआप छत्री देणाऱ्या-घेणाऱ्या स्टँडचा प्रोटोटाइप करतोय. कार्ड टेकवलं की कुलूप उघडतं, छत्री निघते, त्या माणसाच्या नावावर चढते. इथवर ठीक. परत ठेवताना घोळ. छत्री खाचेत बसते, कुलूपही लागतं, पण छत्रीवरचा आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचला जाणारा चिपवाला स्टिकर) स्टँडमधल्या रीडरकडून वाचला जात नाही आणि छत्री त्याच्याच नावावर राहते. हाच टॅग हातात धरून रीडरसमोर नेला की लगेच वाचतो. कोड पुन्हा पुन्हा तपासलाय. पुढच्या आठवड्यात दाखवायचं आहे, लवकर सांगा.

तांबडी_तार:
रीडर कुठला? टॅग कुठला आणि छत्रीवर नेमका कुठे?

ढगफुटी:
आरएफआयडीच्या नादी लागूच नका. क्यूआर लावा, फोनने स्कॅन. जपानमधली भाड्याने छत्र्या देणारी आयकासा २०१८ पासून क्यूआरवरच चालते.

रिमझिम_प्रकल्प:
रीडर आरसी५२२, ईएसपी३२ या कंट्रोलर बोर्डला जोडलाय. टॅग साधा गोल स्टिकरवाला. क्यूआर नकोय, फोन नसलेल्यांनाही छत्री मिळाली पाहिजे.

तांबडी_तार:
टॅग कुठे लावलाय ते राहिलंच.

रिमझिम_प्रकल्प:
दांड्यावर. दुसरीकडे कुठे लावणार?

तांबडी_तार:
दांडा स्टीलचा?

रिमझिम_प्रकल्प:
हो, असतो तसाच.

तांबडी_तार:
मग गोम तिथेच आहे. आरसी५२२ १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो. टॅगमध्ये बॅटरी नसते, रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याला वीज मिळते. पाठीला धातू चिकटला की त्यात भोवरा प्रवाह (गोल फिरणारे विद्युतप्रवाह) तयार होतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि टॅगची ट्यूनिंगही सरकते. चिप जागीच होत नाही. त्यात तुम्ही गोल दांड्यावर स्टिकर गुंडाळला असणार, म्हणजे अँटेनाचं वेटोळंही वाकलं.
टॅग प्लास्टिकच्या मुठीत घाला, आतला दांडा जिथे संपतो त्याच्या पलीकडे. नाहीतर टॅग आणि दांडा यांच्यामध्ये फेराइटचा (चुंबकीय क्षेत्र धातूपर्यंत जाऊ न देणाऱ्या पदार्थाचा) पातळ थर हवा. तसे ऑन-मेटल टॅग तयार मिळतात. रीडरच्या मागे पत्रा असेल तर तोही हटवा.

वीजवाहक:
एवढा खटाटोप कशाला? यूएचएफ (जास्त वारंवारतेचा आरएफआयडी) घ्या, लांबूनच वाचतो.

तांबडी_तार:
लांबून वाचणं हीच इथे अडचण. शेजारच्या खाचेतली छत्रीही वाचेल. शिवाय पाणी यूएचएफ लहरी शोषतं, आणि इथे छत्री परत येणार ती ओलीच.

वीजवाहक:
पॉवर कमी करा, अँटेना नीट रोखा, जमतं. आमच्या गोदामात रोज चालतं.

तांबडी_तार:
गोदामातले खोके कोरडे असतात हो.

जुना_सोल्डर:
कुलूप सोलेनॉइडचं (वीज दिली की खिळा सरकवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचं) आहे ना? त्यावर उलटा १एन४००७ डायोड लावलाय का? नसेल तर सोलेनॉइडची वीज बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजने ट्रान्झिस्टर जातो. सोलेनॉइडला ईएसपीपासून वेगळा पुरवठा द्या, नाहीतर ऐनवेळी बोर्ड रीसेट होईल.

रिमझिम_प्रकल्प:
डायोड आहे. माझा प्रश्न टॅगचा आहे.

सखी_सावली:
तंत्र जमेल हो, अनामतीचं काय ठरवलंय? चीनमध्ये २०१७ साली एका कंपनीच्या जवळपास ३ लाख छत्र्या काही आठवड्यांत गेल्या, आणि अनामत होती अवघी १९ युआन. छत्री परत करावी असं लोकांना वाटायला हवं. आणि तळाला उताराचा ट्रे ठेवा, ओल्या छत्र्यांचं पाणी साचून कुलपं गंजतात.

ढगफुटी:
म्हणूनच क्यूआर. फोन म्हणजे माणसाची ओळख.

सखी_सावली:
क्यूआरचा फोटो काढून घरबसल्या "परत केली" म्हणता येतं.

ढगफुटी:
परतीचा क्यूआर स्टँडवर असतो, आणि तो बदलता ठेवता येतो.

रिमझिम_प्रकल्प:
टॅग मुठीत टाकला, वाचतोय! तांबडी_तार, मनापासून आभार. आता एकच राहिलं: मूठ फिरवून ठेवली की परत वाचत नाही.

तांबडी_तार:
खाच अशी कापा की वाकडी मूठ एकाच बाजूने बसेल आणि टॅग रीडरसमोर सपाट येईल, आरसी५२२ला जेमतेम काही सेंटिमीटरच दिसतं. आणि कुलूप आधी लावताय तो क्रम बदला. छत्री खाचेत बसली की लिमिट स्विच दाबला जावा, मग टॅग वाचायचा, वाचला तरच कुलूप लावायचं. कुलूप खरंच लागलं हे दुसऱ्या स्विचने कळल्यावरच छत्री नावावरून उतरवा. टॅग वाचला नाही तर कुलूप लावूच नका, लाल दिवा लावा, माणूस छत्री काढून पुन्हा ठेवेल.