हृदयोपचारांचा इतिहास केवळ शस्त्रक्रियांचा आहे काय?

गोदाकाठ:
पंचवटीकर यांनी काल लिहिले की, हृदयविकाराच्या उपचारांत १९६७चे हृदयप्रत्यारोपण आणि १९७७ची अँजिओप्लास्टी (अरुंद झालेली हृदयवाहिनी फुग्याने रुंद करणे) हेच खरे टप्पे, बाकी सारे किरकोळ. हे वाचून गप्प बसवेना. १९४८मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी ५,२०९ रहिवाशांच्या नियमित तपासण्या सुरू झाल्या, त्यातूनच रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का झाला. १९८८च्या आयसिस-२ चाचणीत झटका आलेल्यांना महिनाभर ॲस्पिरिन दिल्यावर पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. ती गोळी सुरगाण्यात मिळते. अँजिओप्लास्टी जिथे होते त्या कॅथ लॅबसाठी नाशिक गाठावे लागते.

पंचवटीकर:
टक्केवारी मला सांगू नका. माझ्या थोरल्या भावाला झटका आला तेव्हा गोळी दिलीच होती, तरी तो वाचला तो स्टेंटमुळे, म्हणजे फुगवलेली वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीमुळे. १९७७मध्ये झुरिचला डॉ. ग्रुंट्झिग यांनी जागत्या रुग्णाच्या हृदयवाहिनीत फुगा नेण्याचे धाडस केले नसते, तर आज भाऊ नसता.

सातपूरकर:
स्टेंटचा विषय निघालाच आहे, तर दरांचेही बोला. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्यानंतर आईच्या वेळी स्टेंट स्वस्त लागला, परंतु एका खासगी रुग्णालयाने इतर साहित्य आणि प्रक्रियाशुल्क वाढवून बिल पूर्वीइतकेच ठेवले.

निफाडकर:
वडिलांना स्टेंट बसवला तो या निर्णयापूर्वी. एकेका स्टेंटला लाखावर रुपये मोजताना द्राक्षबाग गहाण पडली. ज्याने ते भोगले, त्याला दरनियंत्रण निरुपयोगी म्हणणे हा अन्याय वाटतो.

सातपूरकर:
निरुपयोगी हा शब्द मी लिहिलेलाच नाही. आधी नीट वाचा, मग आरोप करा! उरलेल्या बिलावरही नियंत्रण हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

निफाडकर:
तसे असेल तर मतभेद नाही. पण तुमच्या पहिल्या प्रतिसादात ते स्पष्ट नव्हते.

गोदाकाठ:
मूळ प्रश्नाकडे येतो. १९६७चे ते प्रत्यारोपण करणाऱ्या डॉ. बर्नार्ड यांचा केपटाऊनमधील पहिला रुग्ण प्रत्यारोपणानंतर १८ दिवसच जगला. परके हृदय शरीराने नाकारू नये यासाठी १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन वापरात आले, तेव्हा कुठे या शस्त्रक्रियेला भरवसा लाभला. शल्यचिकित्सकांच्या कौशल्याला औषधाची साथ लागलीच ना?

पंचवटीकर:
सायक्लोस्पोरिनचे मान्य करणे भाग आहे. ॲस्पिरिनलाही जागा देतो, मात्र अँजिओप्लास्टीच्या खाली. छातीत दुखत असताना पित्त समजून सोडा पिणाऱ्याला तुमचे फ्रॅमिंगहॅम वाचवत नाही.

गोदाकाठ:
त्याचा आधी ईसीजीच काढावा लागतो. त्या यंत्रणेच्या शोधासाठी आइन्टहोवेन यांना १९२४चे नोबेल मिळाले, आणि तुमच्या यादीत तेही नाहीत.