बाहेरचं खाणं आणि आपली जबाबदारी: तुमचे अनुभव लिहा

मार्चमध्ये ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझ्या पोटाची सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये 'ग्रेड १ फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात चरबी साठण्याची पहिली पायरी. वय ३६, दारूला कधी हात लावलेला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "रात्री कुठे जेवता?" मी म्हणालो, "घरीच." जेवत होतो घरीच, पण ओट्यावरचा गॅस पेटत नव्हता.

त्या रात्री मोबाइलमधल्या जेवण मागवायच्या ॲपवरच्या जुन्या ऑर्डरी मोजल्या. फेब्रुवारीच्या २८ दिवसांत १९. बर्गर, पिझ्झा, शेजवान राइस, आणि बहुतेक वेळा सोबत कोला. ३०० मिलीच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ चमचे. चहात कुणी आठ चमचे घातले असते तर मी कप परत केला असता.

हिंजवडीहून घरी पोचायला साडेनऊ वाजतात आणि नेमका तेव्हाच सवलतीचा मेसेज येतो. मागवणारं बोट माझंच होतं, हे मला मान्य आहे. पण सगळा दोष त्या बोटाचाच का, हे मला सुटत नाही, म्हणून विचारतोय. डाएटचे तक्ते नकोत. शरीरात काय जाणवलं, काय बदललं आणि काय जमलं नाही, ते लिहा.

मोगरा
माझा मुलगा नववीत आहे. गेल्या वर्षी त्याच्या मानेवर काळपट पट्टा दिसायला लागला. मी मळ समजून आंघोळीच्या वेळी घासायचे. एकदा इतकं घासलं की तो रडला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा मळ नाही, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की अशी त्वचा होते. वजन केलं तर ७१ किलो.

शाळा दोनला सुटते, क्लास चारला. मी बँकेत, त्याचे बाबा दौऱ्यावर. रोज हातात शंभर रुपये देत होते मी. त्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि तेच मला अजून टोचतं. शाळेच्या कँटीनमध्ये जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ ठेवू नयेत असा सरकारी निर्णय २०१७ सालचा आहे. शाळेपासून ५० मीटरच्या आत ते विकू नयेत असाही नियम पुढे आला. आमच्या शाळेच्या फाटकासमोर मात्र तीन गाड्या उभ्या असतात. चौदा वर्षांच्या पोराला "तुझी जबाबदारी" असं कोणत्या तोंडाने सांगू?

आता दुसरा डबा देते. थालीपीठ दिलं की तसंच परत यायचं, मित्र हसतात म्हणे. मग त्यानेच सुचवलं, पोळीत अंड्याची भुर्जी गुंडाळून दे. तो डबा रिकामा येतो. कोला बंद आहे. पैसे आता वीसच देते, तेही बसचे.

पैलतीर
मी न्यू जर्सीत राहतो. २००२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या दोन मुलींच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर खटला झाला होता, त्या खाण्याने वजन आणि आजार वाढले म्हणून. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी जानेवारी २००३ मध्ये ती तक्रार फेटाळली. अति खाल्ल्याने अपाय होतो हे ज्याला कळतं, त्याला त्याच्याच अतिरेकापासून कायदा वाचवू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो आणि मला ते शंभर टक्के पटलं होतं.

मग २००९ मध्ये इकडे शिकायला आलो. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या फलकांवर कॅलरींचे आकडे लिहिलेले असायचे. अकराशेचा आकडा वाचून मी तेच मागवायचो, कारण भाजी आणायला बस पकडून जावं लागे आणि बर्गर इमारतीखालीच मिळे. दोन वर्षांत १४ किलो वाढलो. कळत होतं तरी वळत नव्हतं. पुढे कुकर घेतला, रूममेटबरोबर स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या, तेव्हा वजन उतरायला लागलं. न्यायाधीशांचं म्हणणं आता मला निम्मंच पटतं.

लोकल_प्रवासी
वडापावही फास्ट फूडच आहे, त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. सकाळी स्टेशनबाहेर दोन, संध्याकाळी एक, असं पंधरा वर्षं. ४१ व्या वर्षी बीपी १६०/१००. माझे वडील गिरणीत होते, तेही वडापाव खायचे, पण आठ तास उभं राहून अंगमेहनत करायचे. मी आठ तास खुर्चीत असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते; मी वर तळलेली मिरची मीठ लावून घ्यायचो. गोळी सुरू आहे. सकाळचे दोन सुटले, संध्याकाळचा सुटलेला नाही.

खेडूत_डॉक्टर
तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. तीन वर्षांची पोरं हातात पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट घेऊन येतात. वजन कमी, रक्त कमी. एक आजी म्हणाली, "भाकर मोडंना, पाकीट मागतंय." तिची सून ऊसतोडीला गेलेली, पोर आजीकडे. पूर्वी मी अशा वेळी रागवायचो. आता रागवत नाही. शेंगदाणा-गुळाचे लाडू माझ्या टेबलावर ठेवतो, पोराच्या हातात देतो आणि आजीला सांगतो की हेही पाच रुपयांतच होतं. किती जण घरी करतात, कल्पना नाही.

धागाकर्ता
सगळं वाचलं. जुलैच्या रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की वाढणारा आकडा) ८२ वरून ५१ वर आलंय, सोनोग्राफी मात्र अजून तशीच. ॲप काढलं नाही, फक्त त्याचे मेसेज बंद केले. रात्री मुगाची खिचडी लावतो. डाळ-तांदूळ सकाळीच धुऊन फ्रीजमध्ये ठेवलेले असतात, त्यामुळे ऑर्डर यायच्या आत जेवून होतं. शुक्रवारी अजून घसरतो.

मोगराताई, मुलाच्या मानेवरचा पट्टा कसा आहे आता?

मोगरा
थोडा फिका झालाय, उजेडात धरून बघितलं तर कळतं. वजन ६८. घासणं मी बंद केलं आहे.