विश्वामित्रीचा काठ पूर ओसरल्यावर खचतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बडोद्यात आमच्या सोसायटीची कंपाउंड भिंत विश्वामित्रीच्या काठाला लागून आहे. २०२४ च्या ऑगस्टमधला पूर चढत होता तोवर काठ ठणठणीत. पाणी उतरलं आणि भिंतीपासून हातभर अंतरावर, नदीला समांतर भेग पडली. स्टीलची फूटपट्टी पूर्ण आत जाते, नदीकडची बाजू चार बोटं खाली बसलीय.

काठ ७ मीटर उंच, उतार दीडास एक (दीड आडवा, एक उभा). गाळवट माती, मधे चिकणमातीचा पट्टा. लॅबने ड्रेन्ड कोहिजन (पाणी निचरू दिल्यावरचा मातीचा चिकटपणा) ८ किलोपास्कल आणि फाय (मातीतल्या घर्षणाचा कोन) २८ अंश दिलाय. बिशपच्या पद्धतीने (उतार घसरेल का याचा हिशेब) एरवीच्या पाण्याला फॅक्टर ऑफ सेफ्टी १.४ च्या आसपास मिळतो; १ च्या खाली म्हणजे काठ घसरणार. नदी खाली गेलेली पण काठ वरपर्यंत भिजलेला धरला, की थेट १ च्या खाली. हे जरा जास्तच कडक धरतोय का? कंत्राटदाराचं एकच पालुपद: ‘साहेब, आरसीसीची भिंत मारून टाकू.’

उत्तर १
कडक नाही. पूर असताना नदीचं पाणीच काठाला बाहेरून रेटून धरतं. ते झपाट्याने गेलं की आधार जातो, पण मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब आतच राहतो. परमिअ‍ॅबिलिटी (मातीतून पाणी झिरपायचा वेग) १०⁻⁷ मीटर/सेकंद असेल तर दोन दिवसांत आतली पातळी फार तर हातभर उतरेल. स्वच्छ वाळू असती तर गोष्ट वेगळी. मातीच्या धरणांसाठीचं भारतीय मानक आयएस ७८९४ (१९७५) अशा ड्रॉडाउनला (पाणी झपाट्याने उतरण्याला) १.३ मागतं, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. भेगेत पाणी भरलंय असं धरून एकदा पुन्हा हिशेब चालवा.

उत्तर २
निचऱ्याशिवाय भिंत म्हणजे पाणी अडवायला बांधलेलं धरणच! आधी पायथा बघा, वळणाच्या बाहेरच्या बाजूला नदी तिथूनच खाते. जिओटेक्स्टाईल फिल्टरवर (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) गॅबियन (दगड भरलेले जाळीचे पेटारे), वरचा भाग कापून उतार दोनास एक, मग वाळा. वाळ्याची मुळं खोल जातात, पण खोल घसरवर्तुळाला (ज्या वक्र रेषेवरून काठ आतून सरकतो) ती रोखत नाहीत, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. भेग आजच चिकणमातीने बुजवा, वरचं गटार काठापासून लांब वळवा.

धागाकर्ता
आभार दोघांचेही. जागा मागे नेऊन वरून कापायची म्हटलं तर सेक्रेटरी काकांचा पार्किंगचा पट्टा जातो, ते भांडण वेगळं. पायथ्याशी मगरींची बिळं आहेत, तिथे गॅबियन बसवता येतील?

उत्तर १
वन विभागाला विचारल्याशिवाय फावडंसुद्धा लावू नका. मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची एकमध्ये आहे, आणि मादी उन्हाळ्याच्या सुमारास काठातच अंडी घालते. तोवर दोन पिझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या) बसवून घ्या, पुढच्या पावसाळ्यात आकडे हाताशी असतील.