शब्दचर्चा : ओस, बेचिराख, नामशेष (जुन्या अमेरिकी गावांच्या फोटोंखाली काय लिहावं?)

मुलीकडे कॅलिफोर्नियात होते तेव्हा बोडी नावाचं गाव पाहून आले. तिथल्या मराठी मंडळींसाठी आता 'तेव्हाचं आणि आत्ताचं' अशा जोडफोटोंचं छोटं प्रदर्शन मांडते आहे. प्रत्येक जोडीखाली दोन-तीन ओळी मराठीत हव्यात, आणि मी पहिल्याच जोडीला अडले. अशा गावाला तिकडे 'घोस्ट टाउन' म्हणतात. मुलगी म्हणाली, 'भुताचं गाव' लिही. पण भुताचं गाव म्हटलं की आपल्याला पिंपळावरचा मुंजा आठवतो. बोडीत कुणी झपाटलेलं नाही. माणसं उठून गेली, एवढंच.

गावाची हकिकत थोडक्यात सांगते. १८५९ साली बॉडी आडनावाच्या माणसाला तिथे सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात तो हिमवादळात गेला. १८८०च्या सुमारास गाव ऐन भरात होतं, वस्ती हजारोंच्या घरात. मग सोनं आटलं आणि माणसं पांगली. १९३२च्या आगीत बरंचसं गाव जळालं. १९६२पासून ते राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. शंभराच्या वर घरं-दुकानं अजून उभी आहेत. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता आहे. मी शाळेच्या खिडकीला कपाळ टेकवून आत पाहिलं. बाकं, पृथ्वीचा गोल, आणि सगळ्यावर धूळ, कुणीही न झटकलेली. पोरं आत्ताच मधल्या सुट्टीत गेलीत असं वाटलं आणि गलबलून आलं. याला काय म्हणाल?

प्रतिसाद : ताई, आमच्या विदर्भात याला 'रीठ' किंवा 'रिठी गाव' म्हणतात. तलाठ्याच्या दप्तरात गावाचं नाव असतं, शेतं कसली जातात, पण राहतं कुणी नाही. आमच्या शेताला लागूनच असं एक रीठ आहे. नांगरताना अजून खापरं निघतात.

प्रतिसाद : 'बेचिराख' का नको? फारसी शब्द आहे. 'बे' म्हणजे विना, 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायला माणूस उरला नाही ते बेचिराख. महसुली कागदांत तो ओसाड गावालाच वापरत.

धागा काढणारी मीच : दादा, रीठ शब्द फार आवडला, पण रिठावर खापरं उरतात. बोडीत तर भिंतीवरचा कागदसुद्धा आहे. बेचिराखच्या व्युत्पत्तीने मात्र अंगावर काटा आला, कारण त्या गावाची गोष्टच दिव्याची आहे. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या स्टँडर्ड नावाच्या, सोन्याचा दगड फोडणाऱ्या गिरणीने तेरा मैलांवरच्या पाणवीज केंद्रातून तारेने वीज आणली. इतक्या लांबून वीज आणणं तेव्हा नवलाईचं होतं. त्याच गावात आता चिराग नाही.

प्रतिसाद : काकू, व्युत्पत्ती खरी आहे, पण आज तो शब्द वाचून कुणाला दिवा आठवतो? पेपरात 'बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख' असंच येतं. कानाला 'राख' ऐकू येते, म्हणून अर्थ जळून खाक होण्याकडे सरकला. बोडीत तर खरोखरच आग लागली होती. तुम्ही बेचिराख लिहाल, लोक आग समजतील, आणि आगीनंतरही काही माणसं तिथे राहत होती हे कुणाला कळणारच नाही. साधं 'ओस पडलेलं गाव' लिहा. ओस पडणं हळूहळू होतं, ते त्या क्रियापदातच आहे.

हे मला पटलं. 'ओसाड' हे विशेषण झालं. 'ओस पडलं' म्हटलं की आधी ते भरलेलं होतं हेही आपोआप कळतं. फोटोंच्या जोडीला नेमकं तेच हवं आहे.

आता दुसरी अडचण. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या फोटोखाली मी 'जीर्णोद्धार' लिहिलं होतं. तिथे १९२६पासून धाकट्या जॉन रॉकफेलर यांच्या पैशांतून अठराव्या शतकातलं गाव पुन्हा उभं केलं. पण गव्हर्नरचा राजवाडा १७८१ सालीच जळून गेला होता. आज दिसतो तो १९३४ साली खुला झालेला. इमारतींची चित्रं कोरलेला जुना तांब्याचा पत्रा आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जेफरसन यांनी काढलेला आराखडा हाताशी धरून तो बांधला.

प्रतिसाद : मग तो जीर्णोद्धार नव्हे. जीर्ण झालेलं काहीतरी उरलेलं असावं लागतं. मंदिराचं शिखर ढासळलं आणि गावाने ते बांधलं, तर जीर्णोद्धार. जळून गेलेला वाडा पायापासून उभारला तर ती पुनर्बांधणी. तिथलं ब्रूटन पॅरिश चर्च १७१५चं आहे, त्याच्याखाली जीर्णोद्धार चालेल. एकाच गल्लीत दोन्ही असतील तर दोन्ही शब्द वेगळे ठेवा, नाहीतर नवं घर पाहून माणूस म्हणेल, वा, अडीचशे वर्षांचं!

त्याच प्रतिसादात पुढे : आणि बोडीला यातलं काहीच नको. तिथे रंग देत नाहीत, नवं करत नाहीत. छप्पर गळू नये, भिंत पडू नये, एवढंच पाहतात. आपल्याकडे त्याला कधीपासून 'डागडुजी' म्हणतात.

डागडुजी! मी दोन दिवस 'ऱ्हासरोधन' असलं काहीतरी घडवत बसले होते. तिथलं स्वेझी हॉटेल एका अंगाला कललेलं आहे, त्याला लाकडी टेकू दिलेत. 'डागडुजी' आणि 'टेकू' या दोन शब्दांत सगळं आलं.

प्रतिसाद : न्यूयॉर्कचं पेन स्टेशन घेतलंय का? त्याला 'नामशेष' लिहा. हा शब्द आपण सरसकट 'नष्ट' म्हणून वापरतो, पण अर्थ 'नाव तेवढं शिल्लक'. १९१० सालचं ते गुलाबी ग्रॅनाइटचं स्टेशन १९६३पासून पाडलं. गाड्या जमिनीखाली अजून येतात आणि स्टेशनचं नावही तेच आहे.

घेतलंय, आणि कालच खाली 'उद्ध्वस्त' लिहिलं होतं. ते खोडते. दर्शनी भागावरचे दोन दगडी गरुड सातव्या अव्हेन्यूवर आजही ठेवलेले आहेत. नावाबरोबर ते दोन तिथे उरले, हेही ओळीत घालते.

बोडीखालची ओळ अशी ठरली : 'सोनं संपलं, गाव ओस पडलं. घरांची डागडुजी होते, राहायला कुणी नाही.' 'राहायला' की 'राहतं कुणी नाही', यावर मात्र अजून मन ठरत नाही. सांगा.