ट्रेकची सॅक विमानातून शाबूत कशी नेलीत? आपापले अनुभव लिहावेत

गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघी हर की दूनच्या ट्रेकसाठी मुंबईहून दिल्लीमार्गे डेहराडूनला गेलो. जॉली ग्रँट विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरून माझी ६० लिटरची सॅक आली तेव्हा वरवर पाहता तिला काहीही झालेले नव्हते. रात्री ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरी गावी पोहोचल्यावर कंबरपट्टा लावून पाहिला, तेव्हा बकलच्या दोन पाकळ्यांपैकी एक मुळापासून तुटलेली आढळली. सांकरीत त्या मापाचे बकल मिळणे शक्य नव्हते, त्यामुळे पट्ट्याची दोन्ही टोके गाठ मारून बांधली. ती गाठ दर अर्ध्या तासाने सैल होत असे आणि मग सगळे ओझे खांद्यांवर येई. चांगल्या सॅकचा बहुतांश भार कंबरेवर पेलला जातो, हे मी वाचलेले होते. सहा दिवस खांदे सोलवटून घेतल्यावर ते खऱ्या अर्थाने कळले.

साध्या सुटकेसला लोंबणारे असे काही नसते, पण ट्रेकच्या सॅकला खांद्याचे दोन, छातीचा एक, कंबरेचा एक आणि बाजूंचे आवळायचे असे कितीतरी पट्टे असतात. सरकता पट्टा जिथे दुसऱ्या पट्ट्याला मिळतो त्या फटीत यांतले एक टोक जरी अडकले, तरी मागून येणाऱ्या सामानाचा रेटा त्याच्यावर येतो. आपण यावर काय उपाय केलात, तो उपयोगी पडला का आणि फसला असल्यास कशामुळे, हे सविस्तर लिहावे.

नाशिकहून:
मी कोणतेही वेगळे आवरण वापरत नाही आणि आजवर नऊ-दहा विमानप्रवासांत सॅकला इजा झालेली नाही. चेक-इनच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी मी कंबरपट्टा उलट दिशेने, म्हणजे सॅकच्या पुढच्या बाजूने वळवून बकल लावतो आणि घट्ट ओढतो. त्यामुळे पट्ट्याचे जाड पंख सॅकच्या अंगाला चिकटून बसतात. खांद्याचे पट्टे पूर्ण आवळून छातीच्या पट्ट्याने एकमेकांना जखडतो. उरलेली सगळी टोके गुंडाळून त्यांवर रबरबँड चढवतो किंवा ती बाजूच्या पट्ट्यांखाली खोचतो. शेवटी सॅक वरच्या हँडलला धरून उचलतो आणि जोरात हलवतो. काहीही लोंबले तर पुन्हा बांधतो. याला पाच मिनिटे लागतात. काउंटरवर मी नेहमी मोठ्या आकाराच्या सामानाच्या खिडकीबद्दल विचारतो, कारण तिथे सॅक बहुधा माणसाच्या हातात दिली जाते.

पुण्याहून:
वरील पद्धत उत्तम आहे, मात्र तिने कापड वाचत नाही. पट्टे नीट बांधूनही माझ्या सॅकचा तळ काठमांडूला जाताना घासून विरला होता. त्यानंतर मी बोहरी आळीतून ताडपत्रीसारखे जाड नायलॉनचे कापड आणले आणि सॅकच्या कव्हरांचे काम करणाऱ्या शिंप्याकडून लांबट पिशवी शिवून घेतली. सॅक आडवी आत सरकवायची, लांबीच्या बाजूने चेन ओढायची आणि चेनच्या दोन्ही सरकत्या कड्यांना मिळून एक छोटे कुलूप लावायचे, अशी रचना आहे. हँडल मात्र दोन्ही टोकांना आणि मध्ये असे तीन लावून घ्यावेत. पहिल्या पिशवीला एकच हँडल होते आणि ते परतीच्या प्रवासात उसवले, कारण सामान चढवणारे हाताशी येईल त्या टोकाने ओढतात, हे मी शिंप्याला सांगायला विसरलो होतो. पिशवी साधारण ४०० ग्रॅम भरते. काठमांडूच्या हॉटेलात ती ट्रेकला न लागणाऱ्या कपड्यांसह ठेवून देता येते. काठमांडूहून पुढे एव्हरेस्टच्या वाटेवरील लुक्ल्याला जाणाऱ्या छोट्या विमानात हातातले सामान धरून एकूण १५ किलोचीच मुभा असल्यामुळे ती पुढे नेणे मला परवडले नसते.

ठाण्याहून:
मी विमानतळावर सॅकभोवती प्लॅस्टिक गुंडाळून घेतले होते आणि निश्चिंत झालो होतो. पॉवर बँक मात्र चुकून सॅकच्या वरच्या कप्प्यात राहिली. ती चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या सामानातच न्यावी लागते, हे ठाऊक असूनही गडबडीत चूक झाली. मला बोलावून घेतले गेले, माझ्यासमोर प्लॅस्टिक फाडले गेले आणि उरलेला प्रवास सॅकने त्या फडफडणाऱ्या चिंध्यांसह केला. प्लॅस्टिक वाईट नाही, पण ते गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक कप्पा हाताने चाचपावा. स्टोव्हचा गॅस कॅनिस्टर तर चेक-इनमध्येही चालत नाही आणि हातातही चालत नाही. तो मुक्कामी पोहोचूनच विकत घ्यावा.

नागपूरहून:
रेनकव्हर चढवून सॅक दिली आणि ते फाटून आले. पुढे पावसात त्याचीच गरज होती. पुन्हा असे करणार नाही.

म्युनिकहून:
भारतात येताना माझ्या सॅकच्या पाठीतली ॲल्युमिनियमची पट्टी वाकली. कारण बाहेर अडकवलेल्या ट्रेकिंग पोलवर कुठलेतरी जड सामान पडले असावे, असे खुणांवरून दिसत होते. आता पोल मी पूर्ण मिटवून, टोकांना रबरी टोप्या घालून, सॅकच्या आत मधोमध कपड्यांत गुंडाळून ठेवते आणि स्लीपिंग बॅग तळाशी घालते. त्या वेळी मी नुकसानीची नोंद विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच करून लेखी पोच घेतली, म्हणून पुढचे सोपे झाले. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार सामान खराब झाल्याची लेखी तक्रार ते हाती आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते आणि भारतही या करारात आहे. सॅक देण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. माझ्याकडे ते होते, त्यामुळे पट्टी आधीपासून वाकलेली होती का, हा प्रश्नच उरला नाही.

धागा काढणारीकडून:
सर्वांचे मनापासून आभार. नाशिककरांची पद्धत मी घरी दोनदा करून पाहिली. माझ्या सॅकचा कंबरपट्टा पुढे पूर्ण पोहोचत नाही, म्हणून मध्ये हातभर जुना पट्टा जोडावा लागला. तुटलेले बकल मोच्याने दाभणाने शिवण उसवून बदलून दिले. त्याच्याच सांगण्यावरून एक जादा बकल घेतले आहे. त्याच्या दांडीला खाच असल्याने ते न शिवता पट्ट्यात सरकवता येते. आता ते औषधांच्या डबीत असते आणि डबी माझ्या हातातल्या पिशवीत.