हँगरमध्ये ईआरपी: कागद एका तारखेला बंद करावा का?

खापरीकर
नागपूरच्या मिहानमधल्या विमान देखभालीच्या एका हँगरात ईआरपी, म्हणजे माल, काम आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, बसतंय. वरून हुकूम आलाय की अमुक तारखेपासून टास्क कार्ड, म्हणजे एकेका कामाची सूचना आणि सहीचं कार्ड, टॅबलेटवर, कागद बंद. माझा विरोध आहे. कारखान्यासाठी बनलेली ईआरपी हे धरून चालते की काय बनवायचं आणि त्याला कोणता माल लागेल हे आधीच ठाऊक आहे. सी चेकमध्ये, म्हणजे विमानाच्या ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या तपासणीत, पॅनेल उघडल्यावर गंज दिसतो, तडा दिसतो, मग नॉन-रुटीन, म्हणजे आधी न ठरलेल्या कामांची, कार्डं निघत जातात. सिस्टिमला हे पेललं नाही, तर माणूस आधी काम करतो आणि शिफ्ट संपताना आठवून नोंदी भरतो. त्यापेक्षा आमोस, ट्रॅक्स किंवा चेन्नईच्या रॅम्कोचं, देखभालीसाठीच बनलेलं सॉफ्टवेअर घ्या आणि एक पूर्ण सी चेक कागद आणि स्क्रीन दोन्हीवर चालवा.

स्टोअरवाला भाऊ
काऊन बाप्पा, दोन्हीकडे काऊन भराचं? दोन्हीकडे भरलं की दोन्हीकडे चुकते. कागद आहे म्हणून लोक स्क्रीनकडे पाहतच नाई. माझ्या रॅकवरचं सीलंट मुदत संपलेलं निघते ते इश्यू करताना, तेही कोणी डबा फिरवून पाहिला तर. सिस्टिम ते इश्यूच होऊ देणार नाई. अन् ‘रॉबरी’चं काय? या विमानाचा पार्ट काढून त्या विमानाले लावला, चिठ्ठी कोणाच्या खिशात गेली, सांगा पाहू.

खापरीकर
भाऊ, रॉबरीचा मुद्दा मान्य. पण जुना डेटा कोण साफ करणार? एकच पार्ट नंबर कुठे डॅशसकट, कुठे डॅशशिवाय. सिस्टिमच्या लेखी ते दोन वेगळे पार्ट. इंजिनाच्या डिस्कसारख्या ठरावीक आयुष्याच्या भागाला तर जन्मापासूनचा हिशेब लागतो. सुरुवातीलाच त्याची सायकल्स (उड्डाणांच्या फेऱ्या) चुकीची चढली, तर तो बदलायची तारीखही चुकीचीच निघेल, आणि स्क्रीनवर आहे म्हणून कोणी शंकाही घेणार नाही.

लाल पेन
क्वालिटीवाला बोलतोय. कागदाची एवढी माया असेल तर 2023 चं एओजी टेक्निक्स प्रकरण आठवा. लंडनच्या या कंपनीने सीएफएम56 इंजिनांचे सुटे भाग बनावट प्रमाणपत्रांसह विकले होते. ईआरपीनेही ते पकडलं नसतं, खोट्या कागदाचा स्कॅनही तिथे छान दिसतो. माल घेताना मूळ सही करणाऱ्याकडे चौकशी करणारा माणूसच लागतो. पण भानगड उघड झाल्यावर तो पार्ट कोणत्या विमानात बसलाय हे सांगायची पाळी येते, तेव्हा फायली उपसत बसायचं का? मी स्टोअरवाल्या भाऊंच्या बाजूने.

हिशेबनीस
तुम्हा सगळ्यांना पैशाचा विसर पडलाय. आमचं युनिट एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात. शुल्क न भरता आलेल्या प्रत्येक पार्टचा हिशेब कस्टम्सला द्यावा लागतो, त्यात काही माल गिऱ्हाइकाचा, काही आपला. हे फायनान्सच्या ईआरपीला जमतं, देखभालीच्या सॉफ्टवेअरला अर्धवट. दोन सिस्टिमा घेतल्या की मधल्या जोडणीतच बिल अडकतं. नॉन-रुटीनचे मनुष्यतास उशिरा चढले की बिलही उशिरा. 2020 मध्ये देखभालीवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तरी विमान आमच्याकडे चार दिवस जास्त उभं राहिलं तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी परदेशातच जाईल.

लायसनवाला
बिल नंतर. विमान सोडल्याची सही माझी, काही झालं तर विमान वाहतुकीची नियामक डीजीसीए मलाच विचारणार. अन् पासवर्ड मोबाईलच्या कव्हरमागे लिहून ठेवणारे मी पाहिलेत. साहेब चहाला गेले की ज्युनिअर त्यांच्याच लॉगिनमधून कार्ड बंद करतो. कागदावर निदान अक्षर तरी ओळखता येतं.

स्टोअरवाला भाऊ
अक्षर? तुमच्या सहीत मले आजवर एक अक्षर वाचता आलं नाई.

लायसनवाला
मग टॅबलेटवरच वाचा. पण एका शिफ्टला किती टॅबलेट देणार ते आधी सांगा. चाकं आत जातात त्या व्हील वेलमध्ये वायफाय पोचत नाही, हे तारीख ठरवणाऱ्यांनी एकदा आत शिरून पाहिलंय का?