मदत हवी आहे: पुढच्या डिस्कला नवीन पॅड टाकल्यापासून चीं आवाज

गाडी १५० सीसी, पुढे एक डिस्क, पिनांवर सरकणारा कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग). पॅड संपले म्हणून नवीन टाकले. कंपनीचे नाहीत, बाहेरचे सेमी-मेटॅलिक (धातूचे कण मिसळलेले) आहेत. तेव्हापासून वेग २० च्या खाली आला आणि ब्रेक हलका धरला की चींऽऽ वाजतं. जोरात दाबला की आवाज बंद. ब्रेक सोडलेला असताना काहीच नाही. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला जास्त वाजतं. डिस्क मूळचीच आहे, बाहेरच्या कडेला बोटाला धार लागते. गॅरेजवाले म्हणतात, "घासून घासून जाईल." खरंच जाईल, की पॅड काढून काही करावं लागेल? पन्हाळ्याच्या बाजूला रोजचं जाणं-येणं आहे आणि पाऊस तोंडावर आलाय, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १

दादा, आवाज कधी येतो आणि कधी थांबतो हे लिहिलंत, बरं झालं. हलक्या ब्रेकला पॅड डिस्कला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. ती थरथर डिस्कमधून ऐकू येते. जोरात दाबला की पॅड घट्ट बसतो आणि थरथर थांबते. ब्रेक न धरताही सूं-सूं येत असतं तर कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन मागे सरकत नाही असं धरलं असतं, आणि खर्र-खर्र असतं तर पॅडमध्ये खडी. सकाळचा जादा आवाज रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर आलेल्या हलक्या गंजाचा. तो सोडून द्या.

"घासून जाईल" हे निम्मंच खरं आहे. नवा सपाट पॅड आणि चरे पडलेली जुनी डिस्क सगळीकडून टेकत नाहीत. गावात नुसते हलके ब्रेक मारत राहिलात तर पॅड काचेसारखा गुळगुळीत होतो, मग आवाज जात नाही आणि ब्रेकही कमी लागतो.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढा. कॅलिपर पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने फोर्कला बांधा, आणि तो बाहेर असेपर्यंत लिव्हर दाबू नका. पॅड काढून आधी पाठ बघा. पिस्टन आणि पॅडच्या मध्ये एक पातळ पत्री असते, थरथर मारायला. बाहेरच्या पॅडबरोबर ती बरेचदा येत नाही. जुन्यावरची काढून बसवायची असते आणि नेमकी तीच जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाते. मग पिना बघा: कॅलिपर हाताने सहज सरकला पाहिजे. पिनेला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, हरभऱ्याएवढंच. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन जाम होते.

धारेचं म्हणाल तर नवा पॅड तिच्यावर चढून बसतो आणि तेवढ्याच पट्टीत घासतो. पॅडची बाहेरची कड कानसीने थोडी उतरवा. पुढची आणि मागची कडही ४५ अंशांत १-२ मिमी घासा, चीं कमी होते. डिस्कवर 'मिन टीएच' असा किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. जाडी व्हर्नियरने मोजू नका: त्याचे जबडे धारेवर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये मायक्रोमीटर असतो, त्याने पॅड घासतो तिथे मोजून घ्या. कमी भरली तर डिस्क बदला. लेथवर मारून आणखी पातळ करू नका.

प्रतिसाद २

भावा, वॉशिंग सेंटरला गाडी धुतल्यावर चमक यावी म्हणून डिझेल नाहीतर ऑइल फवारतात. ते डिस्कवर उडालं की हाच आवाज येतो. पॅडवर काळपट ओला डाग दिसला तर तो पॅड टाकूनच द्या. गॅसवर भाजून तेल निघत नाही, आत मुरलेलं असतं. डिस्क पुसायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, रॉकेल-पेट्रोल नको. आणि कॅलिपरमधली पावडर हवा मारून उडवू नका, ती नाकातोंडात जाते.

धागाकर्ता

उघडलं. आतल्या पॅडमागे पत्री नाही. एक पिन कोरडी, गंजलेली, तिचा रबरी बूट फाटलाय. डिस्कवर ३.५ लिहिलंय, मायक्रोमीटरने ३.८ मिमी भरली. तेलाचा डाग नाही. जुने पॅड गॅरेजमध्येच पडून होते, त्यावर पत्री आहे, वाकलेली नाही. तीच टाकू का? पिन घासून चालेल?

प्रतिसाद १

पत्री चालेल. तिची वळलेली टोकं नव्या पॅडच्या पाठीला घट्ट पकडली पाहिजेत. हलत असेल तर तीच टक-टक वाजेल, मग नवीन घ्या. पिन ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पुसा. नखाला खड्डा लागला तर बदला. बूट मात्र नवीनच, नाहीतर पहिल्या पावसात पाणी आत जाऊन पुन्हा तेच.

पॅड काढलेच आहेत तर काचेवर १२० नंबरचा पेपर ठेवून, त्यावर पॅडचं तोंड गोल फिरवून चमक घालवा. डिस्कही त्याच पेपरने घासून पुसून घ्या. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवा. पॅड झिजलेले असताना कुणी वर ऑइल भरलं असेल तर ते उतू जातं आणि टाकीचा रंग खातं. सांडलं तर लगेच पाणी मारा. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) आवळा, लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा, मगच गाडी हलवा. पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

मग पॅड बसवून घ्या: सकाळी रिकाम्या सपाट रस्त्याला ५० वरून १० पर्यंत, मध्यम दाबाने, १०-१२ वेळा. दर वेळी मध्ये अर्धा किलोमीटर ब्रेक न लावता चालवा. पूर्ण थांबू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा छाप बसतो. पन्हाळ्याच्या उताराला हे करू नका. तिथे ब्रेक सलग धरला जातो, पॅड तापून पुन्हा गुळगुळीत होतील.